थंड पाणी, मुठीची पकड आणि सिट्रुलिनची पूड: घरच्या प्रयोगाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

आमचं गाव निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग साडेतीन एकर. बाग दादा बघतो, मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. चार वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका पहाटे आमचे वडील, नाना, बागेत शेकोट्या पेटवायला गेले, आणि परत आले ते उजवा हात लुळा पडलेल्या अवस्थेत. त्यांचं बीपी उन्हाळ्यात आटोक्यात असतं आणि थंडी पडली की चढतं, हे आम्हाला त्यानंतर कळलं. माझं वय ४७, बीपी १३२/८६ च्या आसपास. गोळी अजून नाही, पण काठावर आहे.

दिवाळीच्या सुट्टीत एल-सिट्रुलिन नावाच्या अमिनो आम्लाबद्दल वाचलं. ते कलिंगडात असतं. १९१४ साली जपानी संशोधकांनी कलिंगडाच्या रसातूनच ते वेगळं काढलं आणि कलिंगडाच्या लॅटिन नावावरून पुढे त्याला हे नाव पडलं. शरीर त्याचं आर्जिनिन करतं आणि आर्जिनिनपासून रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. थेट आर्जिनिन खाल्लं तर त्यातलं बरंचसं आतडं आणि यकृतच संपवून टाकतात. सिट्रुलिन त्या तावडीतून सुटतं आणि मूत्रपिंडात त्याचं आर्जिनिन होतं. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात आर्तुरो फिगेरोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ तरुणांना रोज ६ ग्रॅम सिट्रुलिन चार आठवडे देऊन बघितलं. हात गार पाण्यात बुडवल्यावर बीपीची जी उसळी येते, ती त्यांच्यात कमी झाली. तो अभ्यास २०१० साली छापून आला.

मला हे स्वतःवर करून बघायचं आहे. आमच्या डॉक्टरांकडे तासभर बसलो. त्यांनी चार अटी घातल्या. एकट्याने करायचं नाही, वरचा आकडा १८० झाला की हात लगेच बाहेर काढायचा, छातीत काही वाटलं तर तो दिवस आणि तो प्रयोग दोन्ही बंद, आणि नानांना ही पूड द्यायची नाही. चौथी अट त्यांनी दोनदा सांगितली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर आर्जिनिनचा एक अभ्यास अमेरिकेत झाला होता, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. नानांच्या रक्तवाहिन्या तशाच म्हाताऱ्या आहेत. बीपीच्या, छातीच्या दुखण्याच्या किंवा पुरुषांच्या लैंगिक तक्रारीच्या गोळ्या चालू असतील, त्यांनी हे वाचून घरी काही सुरू करू नये.

५ नोव्हेंबर

हात गार पाण्यात बुडवून बीपी मोजायची पद्धत १९३० च्या दशकातली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या हाइन्स आणि ब्राउन या डॉक्टरांची. पाणी साधारण ४ अंशांचं, हात मनगटापर्यंत आत. वाचायला सोपं वाटतं. मी मेडिकलवाल्याकडून औषधांचा थर्माकोलचा खोका आणला (फुकट), त्यात आठ लिटर पाणी आणि वर बर्फ टाकला. डिजिटल तापमापकाचा सेन्सर तळाशी सोडला. ३८० रुपये पडले.

सेन्सर ४.१ दाखवत होता. मी समाधानाने हात घातला आणि तीस सेकंदांत बाहेर काढला. हाडात सुरी फिरवावी तसं दुखलं. मग सेन्सर वर उचलून धरला तर बर्फाखाली ०.८ अंश. पाण्याची घनता ४ अंशांना सगळ्यात जास्त, म्हणून ४ अंशांचं पाणी तळाला बसतं आणि त्याहून गार पाणी वर राहतं. दर वर्षी अकरावीला मी हे शिकवतो, गोठलेल्या तळ्यातल्या माशांचं उदाहरण देतो. सेन्सर तळाला, हात वर, आणि दोघांमध्ये तीन अंशांचं अंतर. पाणी ढवळल्याशिवाय तापमानाच्या आकड्याला काही अर्थ नाही.

सेन्सरही तपासून घ्या. बारीक कुटलेला बर्फ आणि थोडंसं स्वच्छ पाणी यांच्या मिश्रणात तो शून्य दाखवायला हवा. माझा ०.६ दाखवतो. सगळ्या नोंदींमधून तेवढे वजा करतो आहे.

८ नोव्हेंबर

ढवळायला कूलरचा पंप आणला, ३५० रुपये. खोक्यात सोडला, पाणी छान फिरू लागलं. वहिनी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहेत, बीपी मोजायला त्यांनीच यायचं ठरलं होतं. त्या दारातच थांबल्या. "भाऊजी, आधी तो पंप बाहेर काढा. २३० व्होल्टच्या पाण्यात हात घालून बसलात तर मला बीपी मोजायची वेळ येणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. पंप कूलरसाठी ठेवून दिला. १२ व्होल्टचा छोटा पंप २४० रुपयांना आणला आणि तो पाठीवरच्या फवारणी पंपाच्या बॅटरीवर चालवला. लाइट गेली तरी अडत नाही, हा आणखी एक फायदा. बर्फ हाताला टोचू नये म्हणून तो चहाच्या मोठ्या गाळणीत वेगळा ठेवला. आता वर, मध्ये, खाली कुठेही मोजलं तरी ३.८ ते ४.२.

ढवळण्याचा आणखी एक परिणाम झाला. स्थिर पाण्यात हाताभोवती कोमट पाण्याचं पातळ आवरण तयार होतं आणि मिनिटाभराने दुखणं कमी होतं. फिरत्या पाण्यात ते आवरण टिकत नाही, दोन मिनिटं शेवटपर्यंत दुखतं. म्हणजे पंप असलेली आणि नसलेली चाचणी एकमेकींशी ताडून बघता येत नाहीत. आधीच्या तीन चाचण्या वहीतून खोडल्या.

१० नोव्हेंबर

घरातलं बीपीचं ऑटोमॅटिक मशीन या कामाला चालत नाही. त्याला एका मोजणीसाठी ४० सेकंद लागतात. दुखण्याने मी दंड आवळला की ते चूक दाखवून थांबतं. दोन मिनिटांत मला जेमतेम दोन आकडे मिळाले, तेही नेमके कोणत्या क्षणाचे ते सांगता येत नव्हतं.

मग वहिनींचं काट्याचं मशीन आणि स्टेथो. ४५ व्या आणि १०५ व्या सेकंदाला मोजायला सुरुवात करायची. मी फक्त दुसरा आकडा धरतो आहे, कारण तोवर बीपी पुरतं चढलेलं असतं. बुडवायचा हात उजवा, मोजायचा डावा. डावा हात टेबलावर छातीच्या उंचीला, बाही पूर्ण वर.

पट्ट्याचं माप तपासलं. माझा दंड ३४ सेंटीमीटर, पट्टा २२ ते ३२ चा. लहान पट्ट्याने बीपी खोटं जास्त येतं. मोठा पट्टा ६५० रुपयांना आणला आणि बसल्या जागी माझं बीपी १३२ वरून १२६ झालं. "काठावर" असण्यातला किती भाग पट्ट्याचा होता, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यात आहे.

१४ नोव्हेंबर

वही चाळताना दिसलं की वहिनींच्या २२ नोंदींपैकी १७ शून्यावर संपतात. १३०, १५०, १४०. ही वॉर्डातली सवय, तिथे घाईत तेवढं पुरतं. पण मला जो फरक शोधायचा आहे तो पाच-सहाचाच असेल. गोल केलेल्या आकड्यांत तो दिसणारच नाही. वहिनींना हे कसं सांगावं याचा दोन दिवस विचार केला. शेवटी वहीच त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आकडे वाचले आणि म्हणाल्या, "अगोबाई, खरंच की." त्या दिवसापासून काटा हळू उतरवतात, सेकंदाला दोन मिलिमीटर, आणि दोनच्या घरात लिहितात.

१९ नोव्हेंबर

आता व्यायामाची बाजू. धावण्यापेक्षा मुठीची पकड मला जास्त जवळची आहे. छाटणीची कात्री दिवसभर चालवली की मनगटापासून खांद्यापर्यंत काय होतं ते द्राक्षवाल्याला सांगायला नको. अभ्यासांत हीच पद्धत असते. पूर्ण ताकदीच्या ३० टक्के जोराने मूठ दोन मिनिटं आवळून धरायची.

आधी पैसे वाचवायला गेलो. जुन्या बीपी मशीनचा पट्टा गुंडाळून थोडा फुगवला आणि तो दाबून काटा बघितला. पट्टा हातातून सरकतो, प्रत्येक वेळी गुंडाळी वेगळी होते, आकडे २० टक्क्यांनी मागेपुढे जातात. चार संध्याकाळी वाया गेल्यावर मुठीची ताकद मोजायचं यंत्र १,८५० रुपयांना घेतलं. माझी पूर्ण ताकद ४२ किलो, त्याचे ३० टक्के म्हणजे साडेबारा.

पहिल्या दोन चाचण्यांत बीपी ३८ ने चढलं. वहिनींनी पकडलं ते असं: दीड मिनिटानंतर मी श्वास कोंडून धरत होतो. जड पाटी उचलताना कुंथतो तसं. श्वास कोंडला की बीपीची वेगळीच उसळी येते, तिचा मुठीशी संबंध नाही. आता मी दोन मिनिटं मोठ्याने आकडे म्हणतो. बोलणारा माणूस कुंथू शकत नाही. उसळी ३८ वरून २४-२६ वर आली.

मूठ सोडताना दंडाला घट्ट पट्टा बांधून रक्त अडवायची एक पायरी अभ्यासांत असते. डॉक्टरांनी घरी ती करायला साफ नकार दिला. ती सोडली.

क्रम असा ठरला: दहा मिनिटं शांत बसणं, मूठ, वीस मिनिटं विश्रांती, मग पाणी. वेळ संध्याकाळी सात. चार वाजल्यानंतर चहा नाही.

२३ नोव्हेंबर

ही नोंद मी सगळ्यांना वाचायला सांगेन.

पूड अजून घरात आलेली नाही. नुसत्या पाण्याच्या चाचण्या चालू आहेत. १६ तारखेपासून वरच्या आकड्याची वाढ अशी आली: ३२, २८, २६, २२, २०, २०. आठ दिवसांत उसळी बाराने कमी झाली, काहीही न खाता.

शरीर गार पाण्याला सरावतं. पहिल्या दिवशी मी खुर्चीत ताठ झालो होतो, आता दुखतं पण घाबरत नाही. १६ तारखेलाच पूड सुरू केली असती तर आज मी गावभर सांगत सुटलो असतो की सिट्रुलिनने माझी उसळी तिसऱ्या हिश्शाने उतरवली. बाजारातल्या कितीतरी "मला फरक पडला" अशा गोष्टींमागे हेच असणार. ज्याला हा प्रयोग करायचा आहे त्याने आकडे सपाट होईपर्यंत नुसत्या पाण्यात हात बुडवावा. मला सहा चाचण्या लागल्या.

२४ नोव्हेंबर

पूड चुकीची घेतली. डब्यावर मोठ्या अक्षरात सिट्रुलिन आणि खाली बारीक अक्षरात "मॅलेट २:१". ते सफरचंदातल्या मॅलिक आम्लाबरोबरचं मिश्रण असतं. ६ ग्रॅम पूड घेतली तर त्यात सिट्रुलिन सव्वाचार ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. शिवाय चव कैरीसारखी आंबट, त्यामुळे तुलनेसाठी तिच्या जोडीला ओळखू न येणारी खोटी, म्हणजे सिट्रुलिन नसलेली पूड बनवणंच शक्य नाही. १,१५० रुपये गेले. उघडलेला डबा दुकानदार परत घेत नाही. साधं एल-सिट्रुलिन २५० ग्रॅम १,६०० ला घेतलं, ते जवळपास बेचव आहे.

आई म्हणाली, एवढं करण्यापेक्षा कलिंगड खा. हिशेब करून सांगितलं. किलोभर गरात दोनेक ग्रॅम असेल, म्हणजे रोज तीन किलो गर, तोही नोव्हेंबरात.

२९ नोव्हेंबर

जोडीची खोटी पूड माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेली पांढरी पूड, ३०० रुपये. दोन्ही कॅप्सूलमध्ये भरायच्या. कॅप्सूल भरायची शंभर भोकांची पाटी ९०० रुपये. मोठ्या मापाच्या कॅप्सूलमध्ये सिट्रुलिन ०.६ ग्रॅम बसतं, म्हणून दिवसाला दहा कॅप्सूल, पाच सकाळी जेवणानंतर, पाच संध्याकाळी पाचला.

१८० भरून झाल्यावर पुतणी म्हणाली, "काका, ह्यातल्या चमकतात आणि ह्या चमकत नाहीत." पारदर्शक कॅप्सूल. सिट्रुलिनचे कण साखरेसारखे लकाकतात, माल्टोडेक्स्ट्रिन मैद्यासारखं दिसतं. कोणीही डोळ्यांनी ओळखेल. सगळ्या फोडल्या, पूड परत डब्यात, पांढऱ्या अपारदर्शक कॅप्सूल ४२० ला आणल्या. आधीच्या २५० रुपयांच्या वाया. एकूण ५६० कॅप्सूल भरायला पुतणीला आणि मला तीन रात्री लागल्या.

दोन-दोन आठवड्यांचे चार टप्पे आखले. पहिला आणि चौथा टप्पा एका पुडीचा, दुसरा आणि तिसरा दुसऱ्या पुडीचा. कोणती कधी ते पुतणीने नाणं उडवून ठरवलं आणि कागद पाकिटात बंद करून शाळेच्या दप्तरात ठेवला. मला आणि वहिनींना माहीत नाही. आधी माझा विचार चार आठवडे एक आणि चार आठवडे दुसरी असा होता. पण मधल्या काळात थंडी वाढत जाणार आणि तिचं श्रेय-अपश्रेय पुडीला जाणार, म्हणून मधले दोन टप्पे एकाच पुडीचे ठेवले.

रोज पाण्यात हात घातला तर पुन्हा सराव वाढेल. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या दुसऱ्या आठवड्यातच चाचण्या, एक दिवसाआड, चार.

१ डिसेंबर

पहिली कॅप्सूल.

९ डिसेंबर

आईने झाडझूड करताना उरलेल्या पुडीचा डबा पडवीतल्या फडताळावर नेऊन ठेवला. तिथे दादाचं अमिनो आम्लाचं फवारणीचं औषध असतं, मण्यांच्या फुगवणीसाठी द्राक्षावर मारतात ते. दोन्ही डब्यांवर "अमिनो" लिहिलेलं. आईची चूक नाही, डब्यावर चिठ्ठी न लावणारा मी. फवारणीच्या औषधातला एक चमचा पोटात गेला असता तर काय, या विचाराने रात्री झोप लागली नाही. पूड आता कपाटात कुलपात आहे, डब्यावर लाल शाईने "माणसाचं" असं लिहिलं आहे.

१४ डिसेंबर

पहिला टप्पा संपला. पाण्याची उसळी २२, १४, १८, १६. पोटाला काही त्रास नाही. पहिली चाचणी सर्वांत जास्त, कारण तिच्याआधी मोठी सुट्टी पडलेली. हे चारही टप्प्यांत सारखंच होईल, म्हणून तशीच ठेवली.

२४ डिसेंबर

काल रात्री बागेतल्या तापमापकावर ५.४ अंश उतरलं. अशा थंडीत मण्यांची फुगवण थांबते आणि पुढे मणी गुलाबी पडतात. मग त्या मालाला दर मिळत नाही. दादा आणि मी अडीच वाजता उठून ओळींच्या कडेने शेकोट्या पेटवल्या, ठिबक चालू केलं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. सकाळी सात वाजता घरी, नऊला वर्गात.

संध्याकाळी बसल्या जागीच बीपी १४४. वहिनींनी वही मिटली. म्हणाल्या, तीन तास झोपलेल्या माणसाचं मी मोजणार नाही. नोंद रद्द.

पण पहाटे बागेतून आल्याआल्या मी घरच्या मशीनवर मोजलं होतं: १५८/९६. कुठलीही चाचणी नव्हती, नुसती थंडी आणि लाकडं ओढण्याचे कष्ट. खोक्यातल्या पाण्यापेक्षा हा आकडा मला जास्त लागला. नाना त्या पहाटे हेच करत होते.

९ जानेवारी

वहिनींना रात्रपाळी. माझ्या बायकोने स्टेथो लावून बघितला. तिने चार दिवस सराव केला होता, पण तिचे आकडे वहिनींपेक्षा आठने कमी येतात. आवाज सुरू झालेला तिला उशिरा कळतो. शिकायला आणखी वेळ लागेल. एका प्रयोगात मोजणारा एकच हवा. ही नोंदही रद्द.

दुसऱ्या टप्प्याच्या तीन नोंदी २६, २०, १६. तिसऱ्यात आतापर्यंत २२, १८.

२५ जानेवारी

शेवटची चाचणी झाली. तिसऱ्या टप्प्याची उरलेली नोंद २०. चौथ्याच्या २०, १८, १२, १८.

२६ जानेवारी

झेंडावंदनाहून आल्यावर पुतणीने पाकीट फोडलं. पहिला आणि चौथा टप्पा सिट्रुलिनचा, मधले दोन माल्टोडेक्स्ट्रिनचे.

गार पाणी: सिट्रुलिनच्या आठ चाचण्यांची सरासरी वाढ १७, खोट्या पुडीच्या सहा चाचण्यांची २०. मुठीच्या चाचणीत २३ आणि २४, म्हणजे फरक नाहीच.

पुतणी आनंदाने उड्या मारत होती, "काका, तीनने कमी झालं!" मलाही तासभर तसंच वाटलं. मग वहीतला खोलीच्या तापमानाचा रकाना बघितला. पहिल्या टप्प्यात संध्याकाळी सातला खोली सरासरी २१ अंश, दुसऱ्या-तिसऱ्यात १७, चौथ्यात २०.

थंडी सरळ रेषेत वाढत गेली असती तर माझी मांडणी बरोबर ठरली असती, चढ दोन्ही बाजूंना सारखा वाटला गेला असता. पण आमच्याकडची थंडी डोंगरासारखी येते. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात शिखर, मग उतार. आणि ते शिखर नेमकं खोट्या पुडीच्या दोन टप्प्यांवर आलं. तीनचा फरक पुडीचा की गार खोलीत बसण्याचा, हे माझ्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. शिवाय एकाच पुडीच्या चाचण्यांमध्येही १२ ते २२ असा पसारा आहे.

अख्ख्या प्रयोगातली ही माझी सगळ्यात मोठी चूक. पाणी दशांश अंशापर्यंत सांभाळलं आणि ज्या खोलीत बसलो ती मोकळी सोडली. पुन्हा करायचं तर मी दोन गोष्टी बदलेन. खोली हीटर लावून २४ अंशांवर धरेन. आणि टप्पे जोडी-जोडीने ठेवून प्रत्येक जोडीसाठी वेगळं नाणं उडवेन, निदान चार जोड्या. म्हणजे सोळा आठवडे. एका हिवाळ्यात ते बसत नाही.

म्हणून "सिट्रुलिनने फरक पडतो का" असं मला कोणी विचारलं तर माझं उत्तर: माझ्या घरातून ते सिद्धही झालं नाही आणि खोटंही ठरलं नाही. पूड पुढे चालू ठेवणार नाही.

१ फेब्रुवारी

खर्च. सेन्सर ३८०, दोन पंप ५९०, मोठा पट्टा ६५०, पकडीचं यंत्र १,८५०, दोन प्रकारचं सिट्रुलिन २,७५०, माल्टोडेक्स्ट्रिन ३००, कॅप्सूल ६७०, पाटी ९००, बर्फ साधारण ४००. एकूण ८,४९०. त्यातले १,७५० निव्वळ चुकांचे. हाताशी चांगला स्टेथो आणि तो लावणारं माणूस नसेल तर मात्र हे काम सुरूच करू नका, त्याची किंमत या यादीत कुठेच नाही. पकडीचं यंत्र आणि खोका कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिला. घनतेच्या धड्याला तळाचं आणि वरचं तापमान मुलांनी स्वतः मोजावं.

३ फेब्रुवारी

२४ डिसेंबरचा तो १५८ मनातून जात नव्हता. म्हणून जानेवारीत नानांचं बीपी दिवसातून तीनदा मोजायला घेतलं, घरच्या मशीनवर, पण योग्य मापाच्या पट्ट्याने. त्यांचा दंड बारीक, त्यांना जुनाच पट्टा बरोबर बसतो. दुपारी १३४, रात्री १३८. पहाटे साडेपाचला १७२, १६८, १७६.

त्या वेळी नाना काय करतात ते जाऊन बघितलं. उठतात, अनवाणी अंगणात जातात, हौदातल्या पाण्याने तोंड, मान, हातपाय धुतात आणि मग देवपूजेला बसतात. चाळीस वर्षांची सवय. हौदाचं पाणी मोजलं: ९ अंश. मी दोन महिने खोक्यात बर्फ टाकून जे करत होतो, ते नाना रोज पहाटे गोळीच्या आधी करत होते, आणि तेही एका हाताने नव्हे तर सगळ्या अंगाने.

तीन आठवड्यांची वही डॉक्टरांना दाखवली. त्यांनी गोळीत बदल केला आणि पहाटेच्या गार पाण्याला बंदी घातली. नाना मानायला तयार नव्हते. वहिनींनी काही न बोलता त्यांच्यापुढे हौदातलं पाणी पातेल्यात धरलं, डावा हात बुडवायला सांगितला, आणि दंडावर मशीन लावून आकडा दाखवला. त्यानंतर वाद झाला नाही.

१२ फेब्रुवारी

आई पाच वाजता बंब पेटवते. नाना मोजे घालून उठतात. अंगणात जायच्या आधी कानाला मफलर.

पहाटे ५.४० ची नोंद, पाणी ३७ अंश: १४२/८४.